पाणी प्यायला उठणाऱ्या बाई

मला याद्या करायची सवय आहे. टेबलाशी बसलं की आधी चिटोऱ्यावर दिवसाची कामं लिहायची आणि एकेक झालं की खोडायचं. नागपूरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हापासून माझ्या यादीची पहिली ओळ एकच होती: बाईंचा माठ भरणे.

खरं तर ते काम शिपायाचं. पण शिपाई माठ नळाखाली ठेवून गप्पा मारायला जातो आणि पाण्याला त्याच्या विडीचा वास येतो, असं बाईंचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटूनच म्हणाल्या, "नाव सांग वं तुझं. जरा मोठ्यानं."

मी सांगितलं.

"घाई आहे तुले सगळ्याची," त्या म्हणाल्या. "पण घेतलेलं काम टाकून देणार नाही तू. माठ तुझ्याकडे."

बाई आमच्या टायपिंग विभागाच्या प्रमुख. आमचं काम असं चाले: डॉक्टर लोक रुग्णाची सगळी हकीकत, म्हणजे काय होत होतं, काय तपासलं, काय केलं, घरी गेल्यावर काय घ्यायचं, टेपरेकॉर्डरवर इंग्रजीत बोलून ठेवत. त्या कॅसेटी आमच्या खोलीत येत. बाई आणि बाकीचे टायपिस्ट ऐकून ऐकून कागद तयार करत. एक प्रत रुग्णाला, एक माझ्याकडे. मी ती वाचायची, जाड पुस्तकातून त्या आजाराचा आकडा शोधायची आणि कार्डावर टाकायची. क्षयाला हा आकडा, काविळीला तो. त्या खोलीत टायपरायटर नसलेली मी एकटीच. माझ्या हातात फक्त पेन.

बाई अनवाणी काम करत. टेप थांबवायचं, मागे न्यायचं आणि पुढे न्यायचं पेडल पायाखाली असे. चपलेनं त्याचा नेमका दाब कळत नाही म्हणून त्या चपला दाराबाहेर काढून ठेवत. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा. त्यात पुन्हा ऐकायच्या नळ्या डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपसारख्या, गळ्यात लोंबणाऱ्या. बाहेरगावचे नातेवाईक कागद न्यायला येत, दाराशी चपला बघून आपल्याही काढत, आत गळ्यात नळ्या घातलेल्या, पिकल्या केसांच्या, अनवाणी बाई बघून हात जोडत आणि "डॉक्टरीणबाई, आमच्या बुढ्याचं कसं आहे?" म्हणून विचारत. बाईंनी कधी कुणाला सुधारलं नाही. टेपवर काय ऐकलं होतं ते आठवून त्या सांगत, "बुढा चांगला आहे. पण तंबाखू सोडत नाही म्हणून डॉक्टर चिडून राहिले."

टेपमधल्या आवाजाशी त्या बोलत. अगदी मोठ्यानं. "जी डॉक्टर." "हळू बोला ना, आग लागली का?" "हे मघाशी तुम्ही डावं म्हटलं होतं, आता उजवं काहून म्हणून राहिले?" आणि अशा वेळी टेप थांबवून, चपला घालून, त्या वॉर्डात जाऊन डावं की उजवं ते विचारून येत. एकदा आमच्या मोठ्या डॉक्टरांना, ज्यांच्यासमोर परिचारिका श्वास रोखून उभ्या राहत, त्यांना भर व्हरांड्यात म्हणाल्या, "सर, काल तुमच्या तोंडात घास होता."

"कधी?"

"त्या फुप्फुसात पू झालेल्या माणसाचं सांगत होते तेव्हा. चिवडा होता. आधी खाऊन घेत जा, मग सांगत जा. जेवण अंगी लागत नाही अशानं."

मोठे डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या कॅसेटीत चिवडा आला नाही, एवढं खरं.

माणसाची परीक्षा चेहऱ्यावरून करायची नाही, हा बाईंचा नियम. आमच्याकडे शालू नावाची तात्पुरती टायपिस्ट होती. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. वडील नव्हते, घर तिच्या पगारावर. तिला सांगून आलेला मुलगा शहराबाहेर, वाडी नाक्याच्या बाजूला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होता. बाईंनी त्याला विभागात बोलावून घेतलं, स्वतः खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या आणि म्हणाल्या, "पेपर वाच गा. संत्र्याचे भाव वाच."

तो बिचारा काटोलच्या बाजारातले संत्र्याचे भाव वाचू लागला. मग बाईंनी नोकरीचं विचारलं. तो गेल्यावर खुर्ची वळवून त्यांनी निकाल दिला.

"हा खोटं बोलते. 'पर्मनंट' म्हणताना गळा आवळते त्याचा."

"म्हणजे नाही म्हणू?" शालूनं विचारलं.

"नाही कायले? माणूस वाईट नाही. भिऊन राहिला फक्त. तूसुद्धा टेम्पररीच आहे ना? मग दोघं मिळून भ्या."

सगळी खोली हसली. शालूनं त्याच्याशीच लग्न केलं आणि वाडीला त्याच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. तिकडून दोन बस बदलून यायची. घरात दोन पगार, दोन्ही तात्पुरते. पण बाई व्यवस्थापक साहेबांकडे तिच्यासाठी शब्द टाकतच होत्या, त्यामुळे आज ना उद्या ती कायम होईल असं आम्ही धरून चाललो होतो.

आता माठाचं सांगायला हवं.

टेपमध्ये रुग्ण दगावल्याचा शब्द आला, की बाई पेडलवरून पाय उचलत. नळ्या कानातून काढत. उठून माठाशी जात, पेला भरत आणि उभ्यानं सगळं पाणी पीत. मग जागेवर येऊन त्या माणसाचं पूर्ण नाव एकदा मोठ्यानं उच्चारत आणि पुढचं टायप करत. त्या उठल्या की खोलीतले सगळे टायपरायटर थांबत. तसा हुकूम नव्हता. माझ्या आधीपासून चालत आलेलं होतं. उन्हाळ्यात तर एकदम वाळ्याच्या कूलरची घरघर आणि टिपटिपणारं पाणीच ऐकू येई. मीही पेन खाली ठेवत असे. बाहेर बसलेल्या चौकीदाराला खडखडाट थांबलेला कळे आणि तो टोपी काढून मांडीवर ठेवी.

नव्या माणसाला हे विचित्र वाटे. मलाही वाटलं होतं. मी विचारलं होतं, "बाई, हे कशासाठी?"

"तहान लागते मले त्या शब्दानं," त्या म्हणाल्या. "तुले नाही लागत?"

त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

बाई एकट्या राहत, नंदनवन वस्तीत, भावाच्या घरामागच्या खोलीत. त्यांच्या लग्नाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रेडिओ मात्र त्यांना चालत नसे. दिवसभर कानात माणसं असतात, घरी कशाला आणखी, असं म्हणत.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्याच्या तोंडाशी व्यवस्थापक साहेब आमच्या खोलीत आले आणि दाराशी चपला पाहून, सवयीनं, त्यांनीही बूट काढले. मोज्यांवर उभं राहून त्यांनी सांगितलं, की मुंबईला एक कंपनी निघाली आहे. तिच्याकडे नवी यंत्रं आहेत. ठरावीक मजकूर एकदा दिला की यंत्र तो पोटात ठेवतं आणि बटण दाबलं की छापून देतं. चूक झाली तर सगळा कागद पुन्हा टायपावा लागत नाही. आपण कॅसेटी पाठवायच्या, ते कागद पाठवतील. इथल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

"मग आम्ही?" देवके म्हणाले. देवके आमचे सगळ्यात जुने टायपिस्ट. निवृत्तीला आलेले, धाकट्या मुलीचं लग्न डोक्यावर.

"आधी प्रयोग आहे हो. मेडिसिनच्या वॉर्डाच्या कॅसेटी पाठवून पाहू. दोन खेपा. नीट आलं तर पुढचा विचार. कायम लोकांना कुठंतरी सामावून घेऊ." साहेबांनी बूट घातले. "जमाना बदलून राहिला, बाई."

"आवाज खाली गेला तुमचा," बाई म्हणाल्या. "तुम्हालेही नको आहे हे."

साहेब निघून गेले. कायम लोकांना सामावून घेऊ, असं ते म्हणाले होते. शालू कायम नव्हती. तिला तेव्हा तिसरा महिना होता.

पहिली खेप गेली. तिचं खोकं वाडीच्या ज्या गोदामातून ट्रकवर चढलं, तिथं शालूचाच नवरा कारकून. देवके तिला म्हणाले, "सांग ना त्याले, खोकं हरवलं म्हण."

"काका, त्याच्यात एवढी हिंमत असती तर तो पर्मनंट नसता झाला?" शालू म्हणाली, आणि आम्ही हसलो. फार मोठ्यानं हसलो, हे आता आठवतं.

खरं म्हणजे आम्हाला खोकं हरवायची गरज वाटत नव्हती. कारण आम्हाला एक गोष्ट ठाऊक होती आणि मुंबईला ती ठाऊक नव्हती. आमचे डॉक्टर सगळं बोलतच नसत. वर्षानुवर्षं बाईंच्या भरवशावर त्यांनी बोलणं आखूड केलं होतं. फिटचा रुग्ण असला की मोठे डॉक्टर शेवटी नुसतं "नेहमीचा सल्ला" म्हणत आणि टेप बंद करत. तो नेहमीचा सल्ला आमच्याकडे सबंध परिच्छेद होता: बरं वाटलं तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नये, विहिरीवर, विस्तवाजवळ एकट्यानं जाऊ नये, झटका आला तर काय करावं. हृदयाच्या रुग्णाचा नेहमीचा वेगळा, मधुमेहाचा वेगळा. दुसरे एक डॉक्टर "नेहमीचा" म्हणण्याऐवजी नुसते खाकरत. बाईंना त्या खाकरण्याचेही प्रकार कळत. त्यांनी ते सगळं टायपिस्टांना शिकवलं होतं. कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

पहिल्या खेपेचे कागद आले. सुंदर कागद, एका रेषेत अक्षरं, खाडाखोड नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी जसंच्या तसं: नेहमीचा सल्ला. एवढंच.

देवक्यांनी संत्रा बर्फी आणली. शालू दोन तुकडे घेऊन म्हणाली, एक माझा, एक पोटातल्याचा. बाईंनी बर्फी हातात घेतली आणि कागदावर ठेवून दिली.

"घ्या ना बाई," शालू म्हणाली. "जिंकलो आपण."

"ते कागद कुठं गेले?" बाईंनी मला विचारलं.

"पोस्टानं गेले. रुग्णांकडे," मी म्हटलं. माझ्या यादीतलं ते काम कालच खोडून झालं होतं.

बाईंनी मोठ्या डॉक्टरांना आणि साहेबांना जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मी तोंडी सांगितलंच आहे सगळ्यांना. साहेब म्हणाले, दुसरी खेप बघू, मग काय ते.

मग तो काटोलचा माणूस आला. संत्र्याच्या बाजारात वजनकाट्यावर काम करणारा, तिशीचा, फिटचा आजार. आमच्याकडून बरा होऊन गेला होता. बरं वाटलं, गोळ्या बंद केल्या. भर बाजारात झटका आला, लाकडी पेट्यांवर तोंडावर पडला. बायको त्याला बसमधून घेऊन आली. त्याच्या हनुवटीला टाके पडले, समोरचे दात गेले. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आमचा तो सुंदर कागद होता. चपला दाराशी काढून ती आत आली, गळ्यातल्या नळ्या बघून थेट बाईंकडे गेली.

"डॉक्टरीणबाई, गोळ्या कवा बंद करायच्या ते इथं लिहिलंच नाही. गावच्या डॉक्टरले वाचून दाखवाले लावला. तो म्हणते, नेहमीसारखं करा असं लिहिलं आहे." ती रडत नव्हती, खरोखर विचारत होती. "नेहमीसारखं म्हणजे कसं, बाई? आम्ही तर पहिल्यांदाच आलो होतो."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. आपला तो परिच्छेद ओळीओळीनं मराठीत सांगितला, तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. ती गेल्यावर बाई माठाशी गेल्या. पेला भरला, पण प्याल्या नाहीत. तसाच ठेवला.

दुसरी खेप जायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मला चादरींच्या कोठीत बोलावलं. तिथं कूलर नव्हता, म्हणून आवाज नव्हता. त्यांच्या हातात मोठ्या डॉक्टरांचा टेपरेकॉर्डर होता.

"तू दार धर," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

मला कळलं. मी म्हटलं, "बाई, ही कॅसेट गेली की आपला विभाग गेला."

"माहीत आहे."

"देवके काका. शालू."

"माहीत आहे वं. नावं नको घेऊ."

"साहेबांनाच सांगू की परत."

"सांगितलं ना. ते दुसरी खेप पाहून राहिले. त्या खेपेत फिटचे तीन जण आहेत. मी ऐकल्या त्या टेपा." त्यांनी रेकॉर्डर चादरींवर ठेवला. "ते तिघं काय प्रयोग आहेत?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजातला चिवडा, पडसं, भीती ओळखणाऱ्या बाईंना स्वतःचा आवाज कसा काढावा कळेना. लाल बटण दाबलं, दोनदा बंद केलं. "घाबरल्यासारखा येते का गा?" म्हणून मला विचारलं, बायकांना 'वं' म्हणायचं हेसुद्धा विसरून. मग डोळे मिटले आणि बोलू लागल्या. "पोरींनो," इथून सुरुवात. तिकडे टायप करणाऱ्या पोरीच असतील हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. कुठल्या डॉक्टरचं नेहमीचं म्हणजे काय, कोण खाकरला तर काय समजायचं, कोण डावं-उजवं चुकवतो, तिथं अंदाज न करता फोन करायचा. सगळे परिच्छेद, एकेक शब्द सावकाश. चादरींच्या साबणाच्या वासात उभी राहून मी ऐकत होते. त्यांचा सगळा विभाग त्या कॅसेटीवर चढत होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "अन् माणूस गेल्याचं आलं, का जरा थांबत जा. पाणी प्या. नाव एकदा तोंडानं म्हणा. मग लिहा." आणि बटण दाबलं.

त्यांनी लपवलं नाही. खोकं गेलं त्याच दुपारी, सगळे डबे उघडून बसलेले असताना सांगून टाकलं.

देवके डब्याकडे बघत राहिले. "बाई, माझं सोडा," ते म्हणाले. "मी जाणारच आहे घरी. पण ह्या पोरीचा तरी विचार करायचा होता."

"केला," बाई म्हणाल्या.

शालूनं डबा बंद केला. ती आरडाओरडा करणारी. त्या दिवशी अगदी हळू बोलली. "त्या काटोलवाल्याचे दात गेले तर तुमच्या जिवाले लागलं. माझं काय जाईल ते तुम्हाले टेपवर ऐकू नाही आलं ना."

"आलं वं," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी आपला डबा झाकला आणि नळ्या कानात घातल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाईंच्या टेपमध्ये तो शब्द आला. त्या उठल्या, माठाकडे गेल्या. आणि टायपरायटर चालूच राहिले. देवक्यांनी मान खाली घातली होती, पण बोटं थांबली नाहीत. शालू तर कळा जास्तच जोरानं मारत होती. बाई पाणी प्याल्या, जागेवर येऊन त्यांनी नाव उच्चारलं. त्या खडखडाटात मला ते ऐकू आलं नाही. मी पेन खाली ठेवलं होतं, पण पेन थांबल्याचा आवाज होत नाही. बाहेर चौकीदाराची टोपी डोक्यावरच राहिली.

पुढं विभाग चालू होता तोवर असंच झालं.

दुसऱ्या खेपेचे कागद आले. सगळे परिच्छेद जागच्या जागी. एकच चूक होती. एका दगावलेल्या रुग्णाच्या कागदात, मध्येच, स्वच्छ ठळक इंग्रजीत एक ओळ छापलेली: येथे थांबावे व पाणी प्यावे. साहेबांनी तिच्याभोवती लाल गोल करून कागद बाईंपुढे धरला. "हे काय आहे?"

"नवीन आहेत पोरी," बाई म्हणाल्या. "खोडा ते. पुढच्या वेळी नाही लिहिणार."

पावसाळ्याआधी विभाग बंद झाला. देवक्यांना पैसे भरायच्या खिडकीवर बसवलं. मला नोंदींच्या काउंटरवर आणलं. आकडे लावायचे, मुंबईला कॅसेटी पाठवायच्या, आलेले कागद वाटायचे. शालूला एका पत्रानं मोकळं केलं. बाईंना चौकशीच्या खिडकीवर बसा म्हटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "तिथं सगळे एकदम बोलतात," आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी चपला घालून जाताना फक्त माठाला हात लावून गेल्या. मी तो माझ्या काउंटरमागे आणून ठेवला. यादीची पहिली ओळ बदलली नाही.

शालूला मुलगी झाली. ती घरी साड्यांना फॉल लावायची कामं घेऊ लागली. बाई एकदा बाळंतविडा घेऊन वाडीला गेल्या. शालूच्या नवऱ्यानं दारातच पिशवी घेतली, चहा विचारला, पण आत बोलावलं नाही. हे बाईंनीच मला सांगितलं. आणि म्हणाल्या, "त्याचा आवाज सुधारला. आता खोटं नाही बोलत. 'ती झोपली आहे' म्हणाला, तेव्हा मात्र गळा आवळला थोडा."

मी महिन्यातून एकदा नंदनवनात जात असे. त्यांचे कान जाऊ लागले होते. आधी उजवा, मग डावा. माझं बोलणं समजायला त्या माझ्या ओठांकडे बघत, आणि मला ते फार चमत्कारिक वाटे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एवढं कधी पाहिलंच नव्हतं.

"तू गोरी आहेस की," एकदा म्हणाल्या. "मी तुले सावळी समजत होती."

शेवटचं आजारपण आमच्याच दवाखान्यात झालं, मोठ्या डॉक्टरांच्या वॉर्डात. मी जाता-येता बसत असे. एक दिवस शालू आली. कडेवर मुलगी. बाई झोपल्या होत्या. मी उठवते म्हटलं, तर ती म्हणाली, "नको ताई, झोपू द्या." खाटेशी थोडा वेळ उभी राहिली. मुलीनं सलाईनच्या नळीला हात घातला तो तिनं धरला. आणि ती गेली.

जाग आल्यावर मी बाईंना सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवून. त्यांनी विचारलं, "बोलली काही?"

"झोपू द्या म्हणाली."

"आवाज कसा होता तिचा?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "थकलेला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळल्या.

दोन दिवसांनी, दुपारी, त्या गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी हकीकत टेपवर बोलून ठेवली. ती कॅसेट इतर कॅसेटींबरोबर माझ्या काउंटरवर आली. मी यादी केली, खोकं बांधलं, वाडीला पाठवून दिलं. दुसरं काय करणार होते?

आठवड्याभरात मुंबईहून ट्रंक कॉल आला. कंपनीतली टायपिस्ट होती, तरुण आवाज. तिच्यामागे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"ताई, एका कॅसेटीत रुग्णाचं नाव लागत नाहीये. डॉक्टरांचा आवाज नेमका नावापाशी बसलाय. पडसं असेल. अंदाजानं लिहायचं नाही, फोन करायचा, असं आम्हाला सांगून ठेवलंय."

पडसं नव्हतं. बाईंनी पहिल्या शब्दाला ओळखलं असतं. मी तारीख, वॉर्ड, खाट विचारून खात्री करून घेतली आणि बाईंचं नाव सांगितलं. अक्षर अक्षर सुटं करून.

"बरं," ती म्हणाली. "एक मिनिट हं, फोन ठेवू नका."

तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची सरकली. मागचा खडखडाट एकेका यंत्रानं कमी होत गेला आणि थांबला. सगळा थांबला. नागपूर ते मुंबई त्या तारेत नुसती सूं सूं राहिली. लांब कुठंतरी भांड्याचा आवाज झाला. मग त्या मुलीनं ते नाव म्हटलं, पूर्ण, मोठ्यानं, मुंबईच्या उच्चारात.

थांबायला सांगणारा तो कॅसेटीतला आवाज ह्याच नावाचा, हे तिला ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्यांनी त्या टेपवर स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. कुठल्याही रुग्णासाठी थांबावं तशी ती थांबली होती. सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"हं, ताई," ती फोनवर परत आली. यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. "झालं. आता वय सांगा."

मी वय सांगितलं.